तीन कंपन्यांचे वीजमीटर, पाण्याचे पल्स मीटर आणि एकच सर्व्हर: जोडणी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावातल्या एका व्यापारी संकुलात दोन विंग आहेत. तिथे ३८ वीज सबमीटर आहेत, तेही तीन कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. टाकीवरून उतरणाऱ्या लाइनींवर ८ पाण्याचे मीटर आहेत आणि सेंट्रल एसीच्या चिल्ड वॉटरवर (थंड पाण्याच्या लाइनवर) २ बीटीयू मीटर, म्हणजे त्या पाण्याने वाहून नेलेली ऊर्जा मोजणारे. सध्या दर महिन्याला एक माणूस वही घेऊन फिरतो. आता दर १५ मिनिटांचे आकडे आपोआप सर्व्हरवर हवेत. एका व्हेंडरने सगळे मीटर काढून एकाच ब्रँडचे लावण्याचं कोटेशन दिलंय. खरंच सगळे बदलावे लागतील का, आणि नाही तर हे जोडायचं कसं?

बहुतेक बदलावे लागणार नाहीत. पॅनेलवर लावायचे मल्टिफंक्शन मीटर कुठल्याही कंपनीचे असोत, त्यातले बरेचसे आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवर मॉडबस आरटीयू ही भाषा बोलतात आणि एकाच जोडतारेवर तीन कंपन्या सुखाने नांदतात. तारा ओढणं हा कामाचा छोटा भाग. कुठल्या मीटरचा कुठला आकडा कुठल्या रजिस्टरमध्ये (मीटरच्या मेमरीतल्या नंबर दिलेल्या कप्प्यात), कुठल्या एककात आणि कुठल्या गुणकाने ठेवलाय याची यादी करणं आणि ती मीटरगणिक पडताळणं, हे खरं काम. 'सगळे बदला' या सल्ल्यामागे बहुधा ही यादी करण्याचा कंटाळा असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे मोबाइल आणि बॅटरी घेऊन मीटर रूममध्ये फिरणं. प्रत्येक मीटरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरांसकट लिहून घ्या. बऱ्याच मॉडेलांत कम्युनिकेशन पोर्ट हा ऐच्छिक असतो. समोरून दोन मीटर हुबेहूब सारखे दिसतात, पण एकाच्या मागे 'डी प्लस, डी मायनस' किंवा 'ए, बी' लिहिलेले टर्मिनल असतात आणि दुसऱ्याच्या मागे नुसतं कोरं प्लास्टिक. ज्यांच्या मागे पोर्ट नाही तेवढेच बदला. सोबत सिरीयल नंबर, सीटीच्या (मोठा करंट मीटरला झेपेल इतका कमी करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पाटीवरचा रेशो, मीटरमध्ये भरलेला रेशो आणि मीटरला स्वतः चालण्यासाठीचा ऑक्झिलरी सप्लाय कुठून येतो हेही टिपा. शेवटची गोष्ट लोक विसरतात. मीटरचा सप्लाय गाळेधारकाच्याच लाइनवरून घेतलेला असेल, तर त्याने मेन स्विच पाडला की मीटर जोडतारेवरून गायब होतो, आणि रात्रभर 'कम्युनिकेशन फेल'चे मेसेज येत राहतात.

टेबलावर आधी, शाफ्टमध्ये नंतर

प्रत्येक मॉडेलचा एकेक मीटर टेबलावर घ्या. यूएसबी-टू-आरएस-४८५ कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतो. आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा) घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण लॅपटॉप वाचतो. लॅपटॉपवर कुठलंही मॉडबस मास्टर सॉफ्टवेअर चालेल. इथे एकेका मॉडेलचं कोडं सुटलं की शाफ्टमध्ये (मजल्यांमधून तारा नेणाऱ्या उभ्या पोकळीत), घामाघूम अवस्थेत, तारेची चूक की रजिस्टरची चूक हा वाद उरत नाही.

कोडी साधारण चार प्रकारची असतात.

पहिलं, रजिस्टरचा पत्ता. मॅन्युअलमध्ये एक पासून मोजलेला नंबर असतो आणि तारेवरचा पत्ता शून्यापासून सुरू होतो. श्नायडरच्या पीएम५००० मालिकेत पहिल्या फेजचा करंट ३००० या रजिस्टरला आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो २९९९ टाकून वाचावा लागतो. ईस्ट्रॉनच्या एसडीएम६३० चं मॅन्युअल एकूण आयात युनिटसाठी ३००७३ म्हणतं, पण तारेवर पत्ता जातो ७२. त्यातही पहिला मीटर फंक्शन (वाचण्याच्या आज्ञेचा नंबर) ०३ ने, म्हणजे होल्डिंग रजिस्टर म्हणून वाचतात आणि दुसरा फंक्शन ०४ ने, इनपुट रजिस्टर म्हणून. एक घर इकडेतिकडे झालं की आकडा येतो, पण भलताच. व्होल्टेजच्या जागी दोन संख्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून तयार झालेलं काहीतरी.

दुसरं, बाइट्सचा क्रम. ३२ बिटांची फ्लोट (दशांशाची) संख्या दोन रजिस्टरांत मावते आणि कुठलं रजिस्टर आधी पाठवायचं हे कंपनी ठरवते. २३० व्होल्ट ही संख्या हेक्समध्ये (१६ च्या पायावर लिहिली तर) ४३६६ आणि ०००० अशी दोन रजिस्टरांत बसते. तुमच्या सॉफ्टवेअरने रजिस्टरं उलटी लावली तर आकडा येईल २.४ गुणिले दहाचा उणे एक्केचाळिसावा घात, म्हणजे स्क्रीनवर सरळ शून्य. रजिस्टरं जागच्या जागी पण आतले बाइट उलटे, म्हणजे ६६४३ आणि ००००, असं वाचलं तर येईल २.३ गुणिले दहाचा तेविसावा घात. त्यामुळे अचाट मोठा किंवा जवळपास शून्य आकडा दिसला आणि मीटरच्या डिस्प्लेवर मात्र सगळं ठीक असेल, तर आधी क्रम बदलून पाहा. चारच पर्याय असतात, पाच मिनिटांत कळतं. पडताळणी व्होल्टेजवर करा, युनिटवर नको. व्होल्टेज किती असायला हवा हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

तिसरं, एकक आणि गुणक. एक कंपनी युनिट फ्लोटमध्ये देते, दुसरी पूर्णांकात दहापट करून, तिसरी वॉट-तासात. सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे वॉट-तास ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये. फ्लोटला साधारण सातच अंक धड सांभाळता येतात. १,६७,७७,२१६ च्या पुढे तो एकेक वॉट-तास मोजू शकत नाही. हा आकडा म्हणजे जेमतेम १६,७७७ युनिट, व्यापारी गाळ्याला ते गाठायला फार दिवस लागत नाहीत. पुढे मीटर जितका चालेल तितकी पायरी मोठी होत जाते: १,३४,२१७ युनिटांच्या पुढे १६ वॉट-तासांची. महिन्याच्या बिलाला फरक पडत नाही, पण १५ मिनिटांचा आलेख छोट्या लोडवर पायऱ्यापायऱ्यांचा दिसू लागतो आणि मग मीटर खराब असल्याची ओरड होते. त्याच मीटरमध्ये ६४ बिटांचा पूर्णांक असेल तर तोच वाचा.

चौथं, एका दमात किती रजिस्टरं वाचायची. मॉडबसची मर्यादा १२५ आहे, पण स्वस्त मीटर याच्या बरेच आधी नकार देतात आणि मधे रिकामा पत्ता आला तरी काही मीटर पूर्ण मागणीच फेटाळतात. तेव्हा तुकडे करून वाचा.

इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मीटरने उत्तरच दिलं नाही, तर चूक तारेत, आयडीत (मीटरच्या तारेवरच्या नंबरात), बॉड रेटमध्ये (बोलण्याच्या वेगात) किंवा पॅरिटीत (चूक ओळखायच्या जादा बिटात) आहे. मीटरने 'एक्सेप्शन', म्हणजे नकाराचा कोड, पाठवलं, तर तार, आयडी, बॉड सगळं बरोबर आहे. ०१ आलं तर फंक्शन चुकलंय, ०२ आलं तर पत्ता, ०३ आलं तर मागितलेली संख्या. एक्सेप्शन आल्यावर पाना-पक्कड घेऊन तारा सोडवत बसणारे पाहिले की वाईट वाटतं.

टेबलावरच प्रत्येक मीटरचा आयडी भरून टाका आणि दर्शनी भागावर चिकटवा. कारखान्यातून बहुतेक सगळे आयडी १ घेऊन येतात. एकाच आयडीचे दोन मीटर तारेवर आले की दोघंही एकदम बोलतात आणि सीआरसी (संदेश तपासायचा आकडा) चुकतो. बॉड रेट आणि पॅरिटी सगळ्यांना जमेल अशी एकच ठरवा. ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट हे जवळपास सगळ्यांकडे असतं. एखाद्या मॉडेलला इव्हन पॅरिटीच येत असेल तर त्याचा लूप (मीटरांची माळ) वेगळा करा. एका तारेवर दोन सेटिंग चालवण्याच्या युक्त्या टिकत नाहीत.

जास्त वेगाचा मोह नको. ९६०० ला सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात. आठ अक्षरांची मागणी आणि दहा रजिस्टरांचं २५ अक्षरांचं उत्तर यांना मिळून ३४ मिलिसेकंद लागतात. मीटरचा विचार करायचा वेळ आणि मधली विश्रांती धरली तरी दीडशेच्या आसपास. मीटरमागे तीन मागण्या धरल्या तर २२ मीटरांचा लूप सुमारे १० सेकंदांत फिरून येतो. हातात ९०० सेकंद आहेत. १९२०० केल्याने मिळत काही नाही, उलट लांब तारेवर चुका वाढतात.

तार

आरएस-४८५ ची तार एका मीटरकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी माळेसारखीच गेली पाहिजे. वायरमन सवयीने प्रत्येक पॅनेलमधून एकेक तार आणून जंक्शन बॉक्समध्ये गाठ मारतो, लाइटिंगचं काम करतात तसं. दहा मीटर अंतरात तेही चालून जातं आणि म्हणूनच घोटाळा होतो: टेस्टिंगला चालतं, सगळे मजले जोडले की रँडम मीटर गप्प व्हायला लागतात. मीटरपाशी तार आत आणि बाहेर अशी दुहेरी न्यावी लागते, म्हणून लांबी अंदाजापेक्षा बरीच जास्त भरते. ऑर्डर देताना हे धरा.

केबल १२० ओहमची, पिळलेल्या जोडीची, शील्डवाली घ्या आणि ए-बी सोबत तिसरी तार कॉमनसाठी ठेवा. कॅट-६ वापरता येते का, हा प्रश्न हमखास येतो. एका मीटर रूमपुरतं चालतं, पण तिची एकसंध बारीक तार स्क्रू टर्मिनलमध्ये दोनदा आवळली की तुटते. कुठलीही केबल असो, टोकाला पिन लग क्रिम्प करा आणि नंबराचं फेरूल घाला. लोहार चाळीत दोन्ही मिळतात. समुद्राच्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं; टिन केलेली केबल आणि टिन केलेला लग यांचा खर्च इथे वसूल होतो.

ए आणि बी या खुणांवर विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा ए म्हणजे दुसऱ्या कंपनीचा बी असतो. मिश्र ब्रँडच्या लूपमध्ये तारेतली ही चूक सगळ्यांत जास्त आढळते. मॅन्युअलमध्ये प्लस-मायनस दिलं असेल तर ते धरा. तरीही मीटर गप्प असेल तर दोन तारांची अदलाबदल करून पाहा. त्याने काही जळत नाही. बरोबर जोडणी सापडली की त्या मॉडेलसमोर यादीत लिहून ठेवा.

लूपच्या दोन्ही टोकांना एकेक १२० ओहमचा रेझिस्टर लागतो, मधे कुठेही नाही. तपासायला सोपं आहे: गेटवे (मीटर वाचून आकडे सर्व्हरकडे पाठवणारी पेटी) आणि मीटर बंद करून ए-बीमध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास आलं तर ठीक. १२० आलं तर एक टोक मोकळं आहे. ४० आलं तर कोणीतरी मधल्या मीटरचा आतला टर्मिनेशन स्विच चालू ठेवलाय. शील्ड एकाच टोकाला, गेटवेच्या बाजूला, अर्थ करा. पॉवर केबलपासून फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. लिफ्टच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलला समांतर नेलेली तार लिफ्ट चालू झाली की बोलायचं थांबवते.

एका लूपवर नियमाप्रमाणे ३२ युनिट लोड (साध्या मीटरचा एक धरतात) चालतात आणि कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत अंतर. तुमचे ३८ मीटर एका लूपवर घालायचा विचारही करू नका, पण कारण संख्या नाही. दोन विंगांच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असतो, आणि आरएस-४८५ चा पोर्ट उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच तो सोसतो. वीज कडाडली किंवा एका विंगमध्ये फॉल्ट झाला की दुसऱ्या विंगचे पोर्ट जातात, तेही पाच-सहा एकदम. प्रत्येक विंगला आपला गेटवे द्या आणि दोघांमधे फायबर टाका. फायबर महाग वाटला तर दोन्ही गेटवे वेगवेगळ्या इंटरनेट जोडणीवर ठेवा, पण तांब्याची तार विंग ओलांडून नेऊ नका.

गेटवेची पेटी आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे रोखणारी) घ्या, केबल खालून ग्लँडमधून आत न्या आणि पेटी कुठे लावायची ते मीटर रूमच्या भिंतीकडे पाहून ठरवा. तळमजल्याच्या भिंतीवर मागच्या पावसाळ्यांच्या पाण्याची रेघ बहुधा दिसतेच. तिच्या बऱ्याच वर लावा. शाफ्टमधली तार कंड्युटमधून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात.

सीटी: जिथे आकडे खोटे बोलतात

कम्युनिकेशन शंभर टक्के झालं तरी आकडा चुकीचा असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षं वहीत चुकीचाच लिहिला गेलेला असतो. पॅनेलमधल्या सीटी २००/५ च्या आणि मीटरमध्ये भरलंय १००/५, तर युनिट निम्मी येतात. एका फेजची सीटी उलटी बसली असेल तर समतोल लोडवर दोन फेज अधिक आणि एक उणे होऊन एकूण किलोवॅट खऱ्याच्या एक तृतीयांश दिसतात. म्हणून सर्व्हरवर फक्त एकूण युनिट न आणता तीनही फेजचे करंट, किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) सुरुवातीला जरूर आणा. एका फेजचे किलोवॅट उणे असतील तर सीटी उलटी. तीनही करंट ठीक पण दोन फेजचे पॉवर फॅक्टर विचित्र असतील तर आर फेजची सीटी वाय फेजच्या व्होल्टेजशी जोडली गेली आहे. क्लॅम्प मीटरने प्रत्येक फेजचा करंट ताडून पाहा.

दुरुस्ती करताना चालू लोडवर सीटीचं सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) कधीही उघडं ठेवू नका. तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. शॉर्टिंग लिंक असलेला टर्मिनल ब्लॉक नसेल तर आधी तो बसवा, आणि तोही लाइन बंद करून.

गुणकाचं एकच धोरण ठेवा. एक तर मीटरमध्ये खरा रेशो भरा आणि सर्व्हरवर गुणक १, नाहीतर मीटर ५/५ वर आणि गुणक सर्व्हरवर. अर्धे असे आणि अर्धे तसे ठेवले की कधीतरी कोणी तरी दोनदा गुणतो. मीटरमध्ये रेशो भरणं जास्त बरं, कारण डिस्प्ले आणि सर्व्हर एकच आकडा दाखवतात आणि गाळेधारकाशी वाद होत नाही. पण ध्यानात ठेवा, काही मीटरमध्ये रेशो बदलला की जमलेली युनिटं शून्यावर जातात. बदलण्याआधी रीडिंगचा फोटो घ्या.

पाणी आणि चिल्ड वॉटर

पाण्याच्या मीटरमध्ये मॉडबस क्वचितच असतं. असतो तो पल्स: डायलच्या चुंबकाने एक रीड स्विच मिटतो, दर लिटरला, दर १० लिटरला किंवा दर १०० लिटरला एकदा. किती लिटरला एक, हे मीटरच्या पाटीवर किंवा पल्सरच्या तारेवरच्या टॅगवर असतं. अंदाजाने भरू नका. या पल्स गेटवेने थेट मोजू नयेत. गेटवे रीस्टार्ट झाला की तेवढ्या पल्स गेल्या. मॉडबसवाला पल्स काउंटर घ्या, जो वीज गेली तरी मोजणी जपून ठेवतो, आणि तो मीटरपासून दहा-पंधरा मीटरच्या आत बसवा. तो त्याच आरएस-४८५ लूपवर आणखी एक आयडी म्हणून बसतो. रीड स्विच मिटताना काही मिलिसेकंद थरथरतो. काउंटरमध्ये फिल्टर २० ते ५० मिलिसेकंदांवर ठेवा, नाहीतर एकाच्या दोन पल्स मोजल्या जातात. बसवताना डायलचं रीडिंग काउंटरची सुरुवात म्हणून भरा, आणि महिन्यातून एकदा डायलशी ताडा. पल्स हरवल्या तर त्या परत कधीच मिळत नाहीत; मॉडबसवाल्या वीजमीटरसारखं इथे नाही.

मुंबईत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं. रिकाम्या लाइनीत पाणी शिरताना पुढची हवा मीटरमधून सुसाट जाते आणि काटा पाण्याशिवायच फिरतो. तुमचे मीटर टाकीवरून उतरणाऱ्या, भरलेल्या लाइनींवर आहेत हे चांगलं. टाकी रिकामी झाल्याच्या दिवशीचे आकडे मात्र संशयाने पाहा.

बीटीयू मीटर बहुधा एम-बसचा असतो. एम-बस ही दोन तारांची वेगळीच पद्धत आहे: मास्टर तारेवर सुमारे ३६ व्होल्ट ठेवतो, बोलताना ते १२ व्होल्टने खाली आणतो, प्रत्येक मीटर दीड मिलिअँपिअर घेतो. पोलॅरिटी नसते, फांद्या फोडल्या तरी चालतं, वेग नेहमीचा २४०० आणि पॅरिटी इव्हन. आरएस-४८५ ची तार यात थेट खुपसता येत नाही. एम-बस ते मॉडबस कन्व्हर्टर घ्या. दोन मीटरांसाठी सगळ्यांत छोटा पुरतो. नवीन मीटरचा प्राथमिक पत्ता बहुधा ० असतो, त्यामुळे इथेही आधी एकेक जोडून पत्ता भरा. मीटर बॅटरीवर असेल तर दर १५ मिनिटांऐवजी तासाला एकदाच वाचा. जास्त वाचलं की बॅटरीचं आयुष्य घटतं.

इथली नेहमीची फसगत म्हणजे मीटर हीटिंगसाठी सेट करून आलेला असतो आणि थंड पाण्याची ऊर्जा वेगळ्या रजिस्टरमध्ये जमा होते. तुम्ही पहिलं रजिस्टर वाचता आणि वर्षभर शून्य. पुरवठा आणि परत पाण्याचे सेन्सर उलटे लागले तरी तेच. एककही पाहा: कुठे किलोवॅट-तास, कुठे मेगावॅट-तास, कुठे गिगाज्यूल. एसीवाल्यांना टन-तास हवे असतील तर १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट.

एम-बसचे बिनतारी मीटर कोणी सुचवले तर फ्रिक्वेन्सी विचारा. युरोपातले बरेच ८६८.९५ मेगाहर्ट्झवर बोलतात; आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ आहे. बिनतारी हवंच असेल तर भारतीय पट्ट्यातला लोरावॅन (लांब पल्ल्याच्या कमी विजेच्या रेडिओचा) मीटर घ्या.

सर्व्हरवर काय साठवायचं

मीटरचं चालू रीडिंग जसंच्या तसं साठवा, वापराचा फरक नाही. फरक नंतर कधीही काढता येतो. चार तास नेट बंद पडलं तरी पुढच्या रीडिंगने बेरीज जुळते. उत्तर आलं नाही तर त्या वेळेची नोंद रिकामी ठेवा. काही स्वस्त गेटवे अशा वेळी ० लिहितात, आणि पुढच्या रीडिंगला मीटरची आजवरची सगळी युनिटं पंधरा मिनिटांत वापरल्यासारखा सुळका आलेखावर उभा राहतो. व्हेंडरला डेमोत मीटरची तार काढून दाखवायला सांगा.

वेळ गेटवेने लावावी, सर्व्हरने नाही, आणि गेटवेचं घड्याळ इंटरनेटवरून जुळत राहावं. सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवत असेल तर दिवसाची सीमा भारतीय वेळेने तोडा. नाहीतर दिवस पहाटे साडेपाचला बदलतो आणि महिन्याचं बिल वहीशी जुळत नाही. गेटवेत नेट बंद असताना किमान महिनाभराचा साठा राहायला हवा. ४८ मीटर, प्रत्येकी ८ आकडे, दिवसाला ९६ वेळा: महिन्याला सुमारे ११ लाख नोंदी, साध्या मेमरी कार्डवर सहज मावतात. मीटर बदलला तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग सिरीयल नंबरसकट नोंदवा. नोंद मीटरच्या नावाने ठेवा. गाळेधारक बदलत राहतात.

डेटा गेटवेने बाहेर ढकलायचा, एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने), टीएलएस (संदेश कुलूपबंद करणारी सुरक्षा) लावून. मॉडबस टीसीपीला (नेटवर्कवरून चालणाऱ्या मॉडबसला) पासवर्ड नावाची गोष्टच नाही; ५०२ पोर्ट राउटरवरून बाहेर उघडला की कोणीही तुमचे मीटर वाचू शकतो, काहींत लिहूही शकतो. सिमकार्डवर चालवणार असाल तर मॉडेम फोरजी घ्या. जुन्या टूजी मॉडेमला जिओचं सिम चालत नाही. बेसमेंटमधे आधी मोबाइल घेऊन रेंज पाहा, अँटेनाची तार वर काढावी लागेल.

वीज कंपनीचा मीटर

मेन मीटर अदानीचा असो, टाटा पॉवरचा, बेस्टचा की महावितरणचा, त्याचं सील, सीटी चेंबर आणि पोर्ट यांना हात लावू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३८ नुसार परवानाधारकाच्या मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे. शिवाय तो डीएलएमएस या वेगळ्या भाषेत, आयएस १५९५९ या भारतीय मानकाप्रमाणे बोलतो; त्याचे पासवर्ड आणि किल्ल्या कंपनीकडेच असतात, त्यामुळे तार जोडूनही हाती काही लागत नाही. स्मार्ट मीटर असेल तर वापराचे आकडे कंपनीच्या ॲपवर किंवा पोर्टलवर मिळतात. तुमच्या सर्व्हरवर सलग आकडा हवा असेल तर मेनच्या पुढे, आपल्या पॅनेलमध्ये, स्वतःच्या सीटीवर ०.५एस क्लासचा (अचूकतेची श्रेणी) चेक मीटर लावा. महानगर गॅसच्या मीटरलाही हाच नियम लावा.

या चेक मीटरशी ३८ सबमीटरांची बेरीज ताडताना किलोवॅट-तास ताडा. केव्हीएएच (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेला वापर) ताडू नका, बिल त्यावर येत असलं तरी. वेगवेगळ्या पॉवर फॅक्टरच्या गाळ्यांची केव्हीएएचची बेरीज मेनच्या केव्हीएएचपेक्षा जास्तच भरते, त्यात मेन पॅनेलवर कपॅसिटर बँक असेल तर आणखी. युनिटांत दोन-तीन टक्क्यांचा फरक मीटर आणि सीटीच्या क्लासमुळे पडू शकतो. तो दहा टक्क्यांवर गेला तर आधी मीटर न लावलेला लोड शोधा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, एखादा टेरेसवरचा मोबाइल टॉवर. मग सीटी रेशो.

शेवटी ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यायचं. प्रत्येक मॉडेलचा पूर्ण रजिस्टर नकाशा आणि प्रोग्रॅमिंग पासवर्ड; गेटवेचा अ‍ॅडमिन पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनची फाइल तुमच्या ताब्यात; डेटा तुमच्या सर्व्हरवरही एकाच वेळी पाठवण्याची सोय; आणि प्रत्येक मीटरची सहीनिशी पडताळणी, ज्यात डिस्प्ले आणि सर्व्हरवरची रीडिंग एकाच वेळची दोनदा, २४ तासांच्या अंतराने लिहिलेली असतील. शेवटचं बिल या पडताळणीच्या कागदाशिवाय पास करू नका.